सोमलाची जागल

साहेब, तुम्ही खोटं लिहिलं.

तुम्ही जंगलखात्याचे साहेब, तुमचं नाव इथं घेत नाही. वाचाल तेव्हा कळेलच. "जागलीवर झोप लागल्याने माळ्यावरून पडून मृत्यू." पंचनाम्यात एवढी एक ओळ. तीही वावरात पाय न ठेवता, आमच्या तांड्यातल्या कडुलिंबाखाली बाजेवर बसून, चहा पीत.

हे खरं घडलेलं आहे. सोमलाच्या थोरल्या भावानं, भाऊसिंगानं, मरेपर्यंत यातला एक शब्द बदलला नाही.

साल १९७४. दिवाळी होऊन आठ दिवस झालेले. मेडशीच्या पुढं, जंगलाला लागून तांडा. भाऊसिंग आणि त्याचा धाकटा भाऊ सोमला यांची वावरं शेजारीशेजारी, मधे नाला. ज्वारी हुरड्यात आलेली. त्या साली तुम्ही वरचं जंगल तोडायला काढलं आणि रानडुकरं खाली उतरली. त्यांनी तरी जावं कुठं?

डुकराशी तांड्याचं वैर नव्हतं. जागल म्हणजे रात्रभर वावरातल्या माळ्यावर, उंच मचाणावर बसायचं, तेलाचा रिकामा डबा काठीनं बडवायचा. माणूस जागा आहे, एवढं कळलं की डुक्कर माघारी फिरायचं.

प्रत्येक जागल्याचा ठोका वेगळा. सोमलाचा दोन, मग थांबून एक.

टण टण... टण.

"दादा, तुह्या डब्याले दमा झाला काय रे?" तो नाल्यापलीकडून ओरडायचा.

"तू आपली ज्वारी पाय, शायन्या!" भाऊसिंग इकडून.

त्या रात्री सोमलाचा डबा वाजला...

टण टण...

पुढचा ठोका आलाच नाही.

"निजला काय रे, नवरदेवा?" भाऊसिंग हसत ओरडला. जबाब नाही. थंडी मरणाची. तो घोंगडीतून उठला नाही.

सकाळी सोमला ज्वारीच्या कडेला सापडला. आत घुसलेलं डुक्कर हाकलायला खाली उतरला होता. मांडी फाडलेली. मातीत खुरंच खुरं. डब्याची काठी मुठीत घट्ट.

तुम्ही विचारलं, काय झालं? भाऊसिंग रडत म्हणाला, "डबा बंद झाला साहेब... मले वाटलं, निजला."

तुम्ही तेवढा एक शब्द उचलला, डुक्कर गाळलं.

वर पुरावा म्हणून माळ्यावरचा डबाही मागवून घेतला. कापडात शिवला, लाखेचं सील मारलं, वाशिमच्या कचेरीत कपाटात टाकला. भाऊसिंग तुमच्या पाया पडला. जागल्या मेला की तिसऱ्या दिवशी त्याच्या डब्याला खिळ्यानं भोक पाडतात. "जाय बापू, तुही जागल सुटली," म्हणतात. तोवर त्याची जागल सुटत नाही.

तुम्ही हसलात.

सोमलाची बायको धनीबाई. वर्षाचं खाणं त्या एका वावरात उभं. भाऊसिंग एकटाच दोन्ही वावरं राखू लागला. पाचव्या रात्री त्याला झापड आली...

टण टण... टण.

नाल्यापलीकडून.

पहाटेपर्यंत तो हलला नाही. उजाडल्यावर पाहिलं, तर त्याची स्वतःची ज्वारी लोळवलेली. सोमलाच्या वावरात ज्वारीचं एक ताट मोडलं नव्हतं. खुरं धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत आली होती... आणि परत फिरली होती.

धनीबाई जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, पदर ओढून, पाठमोरी बोलायची. "दादा, राती इकडं तुमी होते ना? डबा वाजून राह्यला होता."

भाऊसिंग तर रात्रभर आपल्याच माळ्यावर होता.

त्या रात्री तो कंदील घेऊन नाला उतरला.

ज्वारीत घुरघुर. डुकरं जवळच.

माळा रिकामा. वर ना डबा, ना माणूस.

टण टण...

त्याच्या डोक्यावर. अगदी हातभरावर.

घुरघुर थांबली. खुरांचा आवाज दूर पळाला.

भाऊसिंगाच्या तोंडून कसंबसं निघालं, "सोमला... निजला नव्हता ना रे तू?"

रातकिडे थांबले.

मग माळ्याची शिडी करकरली. एक पायरी... दुसरी...

कोणीतरी खाली उतरत होतं.

त्याच्या कानाशी, सावकाश... टण.

कंदील विझला. तो घरी कसा आला, त्याला कधीच आठवलं नाही.

ज्वारी घरात आल्यावर भाऊसिंग आणि धनीबाई तुमच्या कचेरीत आले. "साहेब, माह्या तोंडून चुकून निघालं. तेवढी 'झोप' खोडा. अन् डबा द्या."

शिपायानं गाठोडं काढलं. शिवण शाबूत. लाख शाबूत. तुम्हीच फोडायला सांगितलं.

डब्याची एक बाजू ठोक्यांनी पार आत गेलेली. पत्रा ताजा, चकचकीत. आणि आत ज्वारीचा कोंडा... ओलसर.

शिपायानं हात मागं घेतला.

"उंदीर असतील," तुम्ही म्हणालात.

धनीबाईनं पदर मागं टाकला. जेठासमोर पहिल्यांदा. "उंदरं डबा वाजवतात काय, साहेब?"

तुम्ही कागद बदलला नाही. डबा पुन्हा कपाटात. किल्ली खिशात.

भाऊसिंग गेला. धनीबाई गेली. ते वावर आज पडीक आहे, राखायला एक ताट नाही. तरी दिवाळीनंतर नाल्यापलीकडून वाजतं. तांड्यातलं कोणी तिकडं फिरकत नाही. मीही नाही. ऐकलंय मात्र मी, दोनदा.

साहेब, तुम्ही लिहिलं, तो झोपला होता.

मग तिथं जागं कोण आहे?

उत्तर द्या.