मूठभर कोंडा

शाळा सुटल्यावर वामन मास्तर घरी न जाता आधी झुंबरबाईच्या गोठ्याकडे वळले. हातात पितळी गडू होता. शेळीचं दूध हवं होतं, तेही मांजरीसाठी. टेंभुर्णीच्या निजामी शाळेत उर्दूतून भूगोल शिकवणारा हा माणूस पाच दिवस एका मांजरीपुढे बशी सरकवत बसला होता. पण भुरी तोंडच लावत नव्हती.

आणि भुरी खात नाही म्हणून तारा खात नव्हती. सात वर्षांची पोर, नुकती विषमज्वरातून उठलेली. तिची आई रमाबाई गेल्या चैत्रात गेली, भुरी तिचीच. "आधी भुरी, मग मी," एवढंच तारा म्हणे आणि भिंतीकडे तोंड करी. आजउद्या पोटात पेज गेली नाही तर माझ्या हाती काही उरणार नाही, असं बद्रीनाथ वैद्यांनी सकाळीच सांगितलं होतं.

झुंबरबाई धार काढता काढता हसली.

"शिकल्याले माणूस तुमी, मास्तर, अन् मांजरीच्या पाया पडून राह्यले. म्या माझा कचरू कसा वाचवला, ठाव हाय का?"

तिची तीन पोरं गेल्ती. चौथं तिनं सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. जावेनं ते उचललं, मूठभर कोंडा देऊन विकत घेतलं आणि सांभाळायला परत दिलं. पोर दुसरीचं झालं की मरणाला सापडत नाही. तो कचरू आता नांगर धरत होता. भुरीचंही तसंच करायचं ठरलं: दिवेलागणीला मास्तरांनी सूप ठेवून पाठ फिरवायची, झुंबरबाईनं उचलायचं.

मास्तरांना एरवी हसू आलं असतं. आज त्यांचे पाय जमिनीला ठरत नव्हते. सूर्य मावळताच त्यांनी सुपात ताराचा परकर अंथरला, भुरीला ऊब म्हणून, आणि परसातल्या उकिरड्यावर सूप ठेवून पाठ फिरवली. ओल्या राखेचा वास येत होता. मागे पाचोळा चुरचुरला. काकणं किणकिणली.

"मी घेतली."

"सांभाळायला... द्याल?"

"देते. माझी म्हणून सांभाळा."

वळून पाहिलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं. सुपात भुरीशेजारी मूठभर कोंडा होता. सूप उचलून ते धावतच घरात आले. भुरीनं बशी चाटूनपुसून साफ केली. तारा टाळ्या पिटत उठून बसली आणि दोन वाट्या पेज प्याली. मास्तर हसत होते, डोळे पुसत होते, पुन्हा हसत होते.

तेवढ्यात मागच्या दारात झुंबरबाई उभी राहिली. म्हैस सुटल्ती, म्हणून उशीर झाला, असं ती दम खात म्हणाली. मांजर कुठं ठेवली?

मास्तरांनी तिच्या हातांकडे पाहिलं. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ते हात काकणांविना मोकळे होते. शिवाय 'म्या घेतली' म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी 'मी घेतली' कुठून येणार? तो आवाज त्यांनी नऊ वर्षं रोज ऐकला होता. पण हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.

झुंबरबाईचं लक्ष सुपाकडे गेलं. तिचा आवाज खाली आला.

"हा परकर... पोरीचा?"

मास्तरांनी मान हलवली.

"मंग दोघीबी गेल्या इकत," ती म्हणाली आणि आल्या पावली परतली.

तारा भरत गेली. गालांवर रंग आला. फक्त एक होतं. रोज दिवेलागणीला पान वाढलं की तारा आणि भुरी, दोघी मागच्या दाराकडे बघत बसत. परसात काकणं वाजली की मगच खात. मास्तरांना दरदरून घाम फुटे. तरी घास पोटात जाताना पाहून जीव भांड्यात पडे. हळूहळू तेही त्या आवाजाची वाट पाहू लागले.

एके दिवशी काकणं वाजेनात. अंधार पडला. चुलीवर भात रटरटत होता. दोघी दाराकडे टक लावून बसल्या होत्या. शेवटी मास्तरांनीच कडी काढली आणि कंदील वर धरला.

"रमा... उशीर झाला गं..."

फक्त ओल्या राखेचा वास आत आला. त्यांनी दार लोटलं आणि वळले.

तारा आणि भुरी मांडीला मांडी लावून बसाव्यात तशा शेजारी बसल्या होत्या. दोघींची तोंडं सावकाश हलत होती, काहीतरी चावत; ओठांना कोंडा लागला होता.

भात अजून चुलीवरच होता.