कपाटापुढचा वानोळा

"वास घे गं," म्हणत सगुणाबाई ढेबेंनी तुपाची बरणी औषधाच्या कपाटापुढे धरली. तिकडे साताऱ्यात खुर्चीवर बसलेल्या क्षितिजा लोहारने पडद्याजवळ नाक नेऊन लांब श्वास घेतला आणि "अहाहा" म्हटलं. पडद्यातून वास येत नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. पण कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही ही त्या खोऱ्यातली रीत, आणि कपाटातून का होईना, बोलणारी बाई माणूसच होती. तेव्हा दर खेपेला कपाटापुढे वानोळा यायचा. कधी करवंदं, कधी नाचणीचे पापड, म्हैस व्यालेली असली तर खरवस. क्षितिजा वास घ्यायची आणि कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या आशा सेविका कमळताई सपकाळ तो वानोळा घरी न्यायच्या. गावात कपाट आल्यापासून कमळताईंच्या अंगावर चांगलंच तेज चढलं होतं.

सावरदरे हे गाव धरणाच्या फुगवट्याला लागून, डोंगराच्या पोटात बसलेलं. पूर्वी गोळ्या आणायच्या तर लाँचने धरणाच्या भिंतीपर्यंत जायचं, पुढे जीप मिळाली तर मिळाली, आणि एवढं करून दुकान गाठावं तर "ही गोळी उद्या येईल" हे ऐकून परत फिरायचं. संपलेली गोळी मग पुढच्या बाजारापर्यंत संपलेलीच. आता शाळेच्या रिकाम्या खोलीत एक कपाट उभं होतं. सरकारी कागदावर त्याचं नाव 'दूरऔषधालय', पण एवढं लांबलचक नाव घ्यायला गावात कुणाला सवड नव्हती.

कपाटाचं काम तसं साधं. रुग्णाने खाचेत बोट टेकवायचं, कपाटाने रक्ताचा थेंब तपासायचा. साताऱ्यातली औषधतज्ज्ञ, म्हणजे क्षितिजा, तो आकडा बघून डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत मात्रा ठरवायची, आणि कपाट नेमक्या तेवढ्याच मात्रेची गोळी छापून द्यायचं. छापायचं म्हणजे औषधाचे पातळ थर एकावर एक बसवायचे. प्रत्येक गोळीत वाळूच्या कणाएवढा एक काळा ठिपका असायचा, त्याला साक्षीकण म्हणत. गोळी पोटात उतरली की साक्षीकण रुग्णाच्या दंडाला चिकटवलेल्या पट्टीला कळवायचा आणि पट्टी ते साताऱ्याला पोचवायची. गोळी कुणी घेतली आणि कुणी चुकवली हे क्षितिजाला बसल्या जागी दिसायचं.

सगुणाबाईंची गोळी रक्त पातळ ठेवण्याची होती. लहानपणच्या तापात त्यांच्या हृदयाची झडप आखडली होती. गोळी कमी पडली तर हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जायची, जास्त पडली तर रक्त थांबायचं नाही. मधली वाट फार अरुंद. कपाट येण्याआधी एकदा सगुणाबाईंचं तोंड वाकडं होऊन वाचा गेली होती, ती नशिबाने परत आली. दुसऱ्या वेळी येईलच असं नव्हतं.

आणि गेले काही महिने त्यांचं रक्त काही केल्या पातळ होत नव्हतं. साक्ष रोजच्या रोज येत होती, एकही गोळी चुकत नव्हती, तरी रक्त दाटच. क्षितिजाने सगळा दोष शेवग्याच्या पाल्यावर ठेवला, कारण हिरवा पाला या गोळीचा जोर मोडतो. पाला बंद करायला लावला. तरी फरक पडेना, तेव्हा मात्रा वाढवली, मग पुन्हा वाढवली, आणि ती दुपटीला जाऊन टेकली. डॉक्टरांनी घातलेली हद्दही तिथेच संपत होती. गोळी मोठी झाल्याने घशात अडकते असं सगुणाबाई म्हणाल्या, म्हणून तिने गोळीवर मधोमध रेघही पाडून दिली होती.

"मावशी, आज रक्त अगदी जागेवर आलंय तुमचं," क्षितिजा खुशीत म्हणाली. "शेवग्याचा पाला बंद आहे ना?"

"कवाच केला. तुज्यापायी नुस्ती झाडाकडं बघत बसते."

कमळताई तुपाची बरणी उचलायला पुढे झाल्या आणि तिच्याशेजारचं गाठोडंही चाचपू लागल्या. सगुणाबाईंनी त्यांच्या हातावर चापटी मारली. "त्ये तुमचं न्हाय. त्यो भागीचा वानोळा हाय. लाँचवाल्याकडनं धाडायचाय." एवढं म्हणून, काय काय बांधलंय ते दाखवायला त्यांनी कौतुकाने गाठोडं सोडलं. खरवसाची वाटी, पापड, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत पांढरे तुकडे.

क्षितिजा पडद्यावर वाकली. "त्या पिशवीत काय आहे, मावशी?"

"गोळ्या. तुज्याच की."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की क्षितिजाला क्षणभर वाटलं, आपलाच काहीतरी घोटाळा होतोय.

"भागी कोण?"

"धाकटी भन माजी. भागूबाई झोरे, पल्याडच्या काठाला ऱ्हाती. त्यो ताप आमा दोघींला संगंच आल्ता, येका वाकळंत निजायचो ना. तिचीबी झडप आशीच. तिला कपाट न्हाय, मग म्या निम्मं धाडते. आदी गोळी मोडताना भुगा व्हायचा. तू रेघ मारून दिलीस तवापासनं बरं झालं बघ. ठिपक्याचा तुकडा म्या खाते, बिनठिपक्याचा तिला. ठिपका माज्या नावाचा हाय, न्हवं? कपाटासंगं खोटं कशाला बोला?"

कमळताईंनी तोंडाला पदर लावला. क्षितिजाला हसू आलं नाही. शेवग्याच्या पाल्याची अब्रू उगाच घेतली हे एक झालं. पण कपाट महिनोन्महिने दोन बायकांना एक समजून औषध वाढवत राहिलं, आणि आपण त्यावर मान डोलावत राहिलो, हे तिला आता धडधडीत दिसत होतं. सगुणाबाईंचं रक्त जागेवर आलं होतं ते निम्म्या गोळीने. भागूबाईंचं काय झालं होतं ते कुणीच बघितलं नव्हतं.

"लाँच अजून किती दिवस चालेल?" तिने कमळताईंना विचारलं.

"पाणी उतरलंय ना. पल्याड आजची शेवटचीच म्हणा. मग पावसात पाणी चढंस्तवर बंद."

"आणि लाँच बंद झाली की मावशी, तुम्ही गोळीचं काय करता?"

"काय करनार? धाडाया येत न्हाय, तर आख्खी खाईन की. टाकाया थोडीच येतीय औषद!"

क्षितिजाने मनातल्या मनात हिशेब केला. दुप्पट मात्रा. आठवड्याभरात हिरड्यांतून, नाकातून रक्त, आणि मग डोक्यात झालं तर कुठली लाँच आणि कुठलं काय.

तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल चौकट होती: 'औषधाचं परस्पर वाटप आढळलं.' ती दाबली की रुग्णाचं नाव चौकशी होईपर्यंत बंद व्हायचं आणि कपाट त्या नावाला गोळी द्यायचं थांबायचं. नियम वाईट हेतूने केलेला नव्हता, कारण दुसऱ्याची गोळी खाऊन माणसं दगावतात. पण चौकशी कधी कुणाच्या झडपेसाठी थांबून घाईने आटोपल्याचं तिने ऐकलं नव्हतं. तिने चौकटीवरून नजर काढली आणि भागूबाई झोरे हे नाव शोधायला घातलं.

नाव लगेच सापडलं. झडपेचा आजार, डॉक्टरांनी लिहून दिलेली हीच गोळी, अगदी कमी मात्रेत. कपाट मात्र दुसऱ्या जिल्ह्यातलं, आणि शेरा असा: 'रुग्ण औषध नेत नाही.'

"अभयारण्य झालं तवा तिची वस्ती तकडं नेली," सगुणाबाई म्हणाल्या. "थितं म्हशी जगंनात, हिचाबी जीव लागंना, आली माघारी. पर कागदावर ती तकडंच हाय. पल्याडच्या काठाला आता मानूसच ऱ्हात न्हाय, आसं लिवलंय म्हनं."

"त्यांना घेऊन या," क्षितिजा म्हणाली. "आत्ताच्या लाँचने. मी इथून हलत नाही."

दुपारी भागूबाई आल्या. सगुणाबाईंसारखंच नाक, पण अंगाने निम्म्या. आल्या त्या हातात मधाची बाटली घेऊनच, आणि खुर्चीत टेकायच्या आधी ती त्यांनी कपाटापुढे धरली. "अक्का सांगत व्हती, तू वास घेतीस म्हनून." क्षितिजाने वास घेतला. तेवढ्यात तिला बाटली धरलेला हात दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत निळेजांभळे डाग.

"हे कशाने झालं?"

"म्हशीनं ढकाललं आसंल. कायतरी लागतच आसतंय."

रक्त कुणाचंही तपासायची कपाटाला मुभा होती. भागूबाईंनी बोट टेकवलं आणि पडद्यावर लाल आकडा आला. रक्त पाण्यासारखं झालं होतं. थोरल्या बहिणीने स्वतःच्या तोंडचा घास काढून धाडला होता, आणि तो धाकटीच्या अंगावर असा निळा उमटला होता. आकड्याखाली कपाटाने लिहिलं: 'तातडीने मात्रा कमी करा. हा रुग्ण या कपाटाचा नाही. औषध देता येणार नाही.'

क्षितिजाने दोघींना समजेल असं सांगितलं. सगुणाबाईंनी बहिणीचा हात ओढून घेतला आणि ते डाग चाचपले.

"म्हंजी म्याच मारत व्हते व्हय हिला?"

"नाही हो मावशी. तुम्ही जगवतच होता. मोजायला तेवढं कुणी नव्हतं."

"मग बंद करू का धाडायचं?"

"बंद केलं तर गुठळी होईल."

"आता गं?" सगुणाबाईंचा आवाज चिरकला. "एकलीनं गोळी गिळायची आन् ही पल्याड बिनगोळीची, ह्ये माज्या घशाखाली उतरंल का? तूच सांग."

भागूबाई बहिणीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडतीस कशाला? आजून हाय न्हवं मी." धक्क्याकडून लाँचचा भोंगा ऐकू आला. लाँचवाल्याला भागूबाईंना पल्याड सोडून उजेडात परतायची घाई होती.

पुढचं क्षितिजाने फार विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. विचार केला असता तर लाँच निघून गेली असती. तिने सगुणाबाईंच्या नावावर दिवसाला दोन गोळ्या लिहिल्या. सकाळची गोल, सगुणाबाईंना लागेल तेवढी, रेघेशिवाय. संध्याकाळची चौकोनी, शंकरपाळ्यासारखी, भागूबाईंच्या डॉक्टरांनी लिहून दिली होती तेवढ्याच मात्रेची. दोन्हींची बेरीज मर्यादेत बसत होती, त्यामुळे कपाटाने तक्रार केली नाही. ते घरघरत, लाँच पुन्हा सुरू होईपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या छापू लागलं.

"गोल थोरलीची, चौकोनी धाकटीची," तिने दोघींकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. "त्या पिशवीतले जुने तुकडे कुणीच खायचे नाहीत. भागूमावशी, हातावरचे डाग पिवळे पडेपर्यंत एकही गोळी नाही. मग रोज एक. हिरड्यांतून रक्त आलं किंवा शौचाला काळं झालं तर गोळी थांबवायची आणि डोंगरवाटेने डोलीत बसून इकडे यायचं. लाजायचं नाही."

"आन् हिनं कुनाला दिली तर?" सगुणाबाईंनी डोळे पुसत बहिणीकडे बोट केलं. "हिच्या शेजारनीलाबी धाप लागती."

"देनार न्हाय," भागूबाई म्हणाल्या, पण जरा थांबून म्हणाल्या, आणि क्षितिजाच्या ते ध्यानात राहिलं.

लाँच गेली. कमळताईंनी मध आणि तूप दोन्ही उचललं. क्षितिजाने बाकीच्या गावांची कपाटं उरकली. पण मनातून ते जाईना. सगुणाबाई उद्या चक्कर येऊन एखाद्या मोठ्या दवाखान्यात गेल्या, तर तिथला डॉक्टर त्यांच्या नावावरच्या दोन्ही गोळ्या त्यांनाच देईल. आणि सगळी कपाटं एकमेकांच्या नोंदींवरून शिकत असतात. एका बाईच्या देहाला दोन बायकांचं औषध लागतं, हे आज तिने त्यांना शिकवलं होतं. खोटं एकीसाठी बोललं तरी ते एकीपाशी थांबत नाही.

दिवेलागणीला पडद्यावर सूचना आली. 'सगुणाबाई ढेबे: संध्याकाळच्या गोळीची साक्ष आली नाही. कारण निवडा: विसरली. हरवली. घ्यायला नकार. इतर.'

'विसरली' म्हटलं तर कपाट उद्यापासून सगुणाबाईंना ती गोळी खा म्हणून टोकत बसणार. 'हरवली' म्हटलं तर तीच गोळी पुन्हा छापणार, आणि हे रोज. 'नकार' म्हटलं तर चौकोनी गोळी कायमची बंद. 'इतर'मध्ये वाटप हा शब्द टाकला की नाव बंद. क्षितिजाने चारही पर्याय पुन्हा वाचले. मग 'इतर' निवडून तिने काय घडलं होतं ते एका शब्दात खरंखुरं लिहिलं: वानोळा.

पडद्यावर उत्तर आलं.

'हा शब्द नोंदींत नाही. संदर्भावरून अर्थ: रुग्णाने आपला वाटा दुसऱ्या माणसाला दिला. नियमात बसवायचा की कसे, हे समितीपुढे ठेवावे लागेल. त्या माणसाचे नाव व गाव लिहा.'

समिती त्या नावाला वेगळी गोळी देईल, की दोन्ही नावं मिटवून टाकील, हे तिला कळायला मार्ग नव्हता. नाव तिने लिहिलं. भागूबाई झोरे. मग तिची बोटं थांबली. कागदावरचं गाव लिहिलं तर तिथे कपाट होतं, पण बाई नव्हती. पल्याडच्या काठाला बाई होती, पण गाव नव्हतं.

रिकाम्या जागेत खूण लुकलुकत राहिली. जिथे माणूसच राहत नाही असं लिहून ठेवलंय, तिथल्या माणसाचा पत्ता काय लिहायचा?