पिंगळ्याची शीळ

दर वसंतात डोंगरातल्या पक्ष्यांची दिवसभर मोजणी चाले. यंदा गटात एक माणूस कमी पडत होतं. ते माणूस म्हणजे तिचा नवरा. थंडीतच गेला, दुखणं काढून. म्हणून त्याचा मित्र, दातांचा डॉक्टर, अवघडत तिच्या शिवणाच्या दुकानात आला.

"वहिनी, तुम्ही याल?"

नवरा होता तोवर ती कधी गेली नव्हती. 'तुमची पाखरं तुम्हालाच लखलाभ,' म्हणत मशीन चालवत बसायची. आता तिने कात्री खाली ठेवली आणि लगेच हो म्हणाली.

जीपच्या ड्रायव्हरने दोघांना सकाळी खिंडीच्या पायथ्याशी सोडलं. डॉक्टर पक्षी ओळखायचा, ती दुर्बिणीतून बघत राहायची. नवऱ्याचीच दुर्बीण. शिंजीर, वटवटे, चष्मेवाले... ही इवलीशी पाखरं बघायला तो रविवारचं जेवण सोडून का पळायचा, ते तिला आज कळत होतं. सांगणार कुणाला?

दुपार कलली तसं धुकं चढलं. हाताचा पंजा दिसेना.

"बसून राहू," डॉक्टर म्हणाला. "पुढे कडा आहे."

तेवढ्यात शीळ आली.

नवरा पिंगळ्याची, त्या छोट्या घुबडाची, शीळ हुबेहूब घालायचा. वैरी आला समजून लहान पाखरं त्याला हुसकायला झुडपातून बाहेर पडत आणि आयती मोजली जात.

"डॉक्टर... ऐकलंत?"

"दुसऱ्या गटातलं असेल कुणी." पण तो धुक्यात टक लावून बघत होता.

"नाही. शेवटाला घसरते ना... त्यांचीच ती."

चहूकडून पाखरं आली. धुक्यात, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, एका रिकाम्या जागेभोवती ती किंचाळत घिरट्या घालू लागली. ओल्या गवताच्या वासात औषधाचा वास मिसळला, इस्पितळातल्या त्या खोलीसारखा.

ती उठली. "अहो... आलेय बघा मी. उशीर झाला... रागावलात?"

शीळ थोडी लांब गेली. ती मागोमाग. आणखी लांब...

मागून डॉक्टरने तिचा दंड धरून खेचलं. दोघं गवतावर आदळले. वाऱ्याने धुकं क्षणभर फाटलं. तिच्या पावलांपुढे जमीनच नव्हती. आणि शीळ येत होती ती त्या पोकळीतून.

"वहिनी, तो तुम्हाला कड्याकडे बोलावेल का?" डॉक्टर धापा टाकत कुजबुजला. "हा तो नव्हे..."

"कळतंय मला," ती म्हणाली. "पण शीळ त्यांची होती हो..."

तिन्हीसांजेला दोघं जीपपर्यंत उतरले. डॉक्टर पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, ती मागे एकटी. गाडी वळणावर आली आणि झाडीतून पाखरांचा लोंढा काचेवर येऊन आपटू लागला. तिच्या बाजूच्या नव्हे, पलीकडच्या. तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत पाखरं जिवाच्या आकांताने ओरडत होती.

"काय झालंय यांना?" ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला.

डॉक्टरने वळूनही पाहिलं नाही. "वहिनी... पुढे या. जागा करतो मी..."

औषधाचा वास आता गाडीत होता. तिने सीटवर मधे ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि अंग चोरून दाराला टेकून बसली.

शेजारची गादी हळूहळू दबत गेली.