नवमीची हळद

कावीळ डोळ्यांनी ओळखायला बंदी येऊन नऊ वर्षं झाली होती. माणसाचा डोळा फसतो, असं सरकारचं म्हणणं. कावीळ मेंदूत चढली की तान्हं बाळ सुस्तावतं, दूध सोडतं, आणि मग उपाय उरत नाही. तेव्हा अंदाजपंचे कारभार नको. कावीळ उतरवणारी निळ्या उजेडाची पेटी पीतमापकाच्या, म्हणजे कावीळ मोजणाऱ्या यंत्राच्या, आकड्याशिवाय उघडतच नसे.

आणि आकडा म्हणत होता, शेवंताचं तीन दिवसांचं बाळ ठणठणीत आहे.

"यंत्र काय बी म्हणू दे," शेवंता म्हणाली. "डोळं बघा की मॅडम त्याचं! सकाळधरनं अंगावर बी पीत न्हाई."

विभावरी रुग्णालयाची यंत्र-अभियंता. तिचा या यंत्रावर भारी जीव. "ताई, हे मोजतं, फसत नाही. कातडीवरून परतलेला निळा उजेड या चिपवर पडतो. उजेड जास्त, तर चिपचे ठोके भराभर. आतलं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागातले ठोके मोजतं. पिवळी कातडी निळा उजेड गिळते, म्हणून ठोके कमी."

"कशापरीस कमी?"

"या पांढऱ्या फरशीपेक्षा. रोज सकाळी यंत्र आधी हिच्यावरचे ठोके मोजतं."

"ही पांढरी हाय व्हय?"

विभावरीने तळहाताएवढी ती फरशी खिडकीशी नेऊन उजेडात धरली. ती पिवळट होती. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा तिनेच केली होती. फरशीलाही हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं, दुसऱ्या दिवशी पुसलंही होतं. कुंकू गेलं होतं. हळद पुसट पसरून मुरली होती, आणि यंत्र तिलाच पांढरं समजत होतं.

तिने घाईघाईने यंत्राखाली फरशीच्या जागी कोरा पांढरा कागद ठेवला. फरशीवर चार हजार तीनशे ठोके पडत, कागदावर सहा हजार दोनशे पडले. बाळ पुन्हा मोजलं. आकडा लाल झाला, पेटीची कडी आपोआप निघाली. बाळाला आत ठेवून शेवंता हमसून रडली.

विभावरीला मात्र स्वस्थ बसवेना. तिने यादी काढली. नवमीपासून ठणठणीत म्हणून घरी पाठवलेली बाळं एकतीस. तिने पहिला नंबर लावला.

पलीकडे पाळणा गाण्याचा गलका होता. "आज बारसं आहे हो!" बाळाची आई आनंदाने सांगत होती. "जरा पिवळं दिसतं म्हणून घाबरलो होतो, पण तुमच्या यंत्राचा कागद होता ना! आणि गुणी किती, मॅडम. रडणं नाही, दूध मागणं नाही. नुसतं झोपून असतं."