शेवटच्या भिंतीवरची टकटक

"चेतन, मोबाइलचा टॉर्च बंद कर बाबा. तोंडावर उजेड पडला की मला सांगता येत नाही."

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीची वीज साडेनवाला गेली होती आणि आम्ही तिघंचौघं गच्चीवर महिपतीकाकांभोवती बसलो होतो.

"काका, हॉरर आहे का?" चैतालीने विचारलं.

"ते तू ठरव. मी काय झालं ते सांगतो. तारीखवार."

आणि काकांनी सांगायला सुरुवात केली.

सोमवार, अकरा डिसेंबर दोन हजार तेवीस. सकाळी दहाला मी बी विंगमधल्या बद्रीनाथसाठी भाड्याची खाट आणायला गेलो. बटण दाबून पाठ वर उचलता येते ना, दवाखान्यात असते तशी. दुकानदाराने विचारलं, "किती दिवसांसाठी?" म्हटलं, पेशंट बरा होईपर्यंत. तर म्हणतो, "असं लिहिता येत नाही. बरं व्हायची तारीख सांगा."

बद्रीनाथ चौऱ्याण्णव दिवसांनी घरी येत होता. छप्पन्न वय, लेथ मशीनवरचा कारागीर, हाडापेराने दणकट. बायपास नीट झाली, पण आठवड्याने जखम चिघळली. हळूहळू छातीच्या हाडापर्यंत पू गेला. सतरा नोव्हेंबरला छाती पुन्हा उघडावी लागली.

वॉर्डात त्याच्या शेजारच्या खाटेवर गेनबा होता. वाघोलीचा म्हातारा, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. दोघांनाही एकच भीती. झोपायची. गेनबा म्हणायचा, "झोपलो आन् उठलोच नाय तर? काय भरवसा हाय?" मग दोघांनी ठरवलं. रात्री ज्याला जाग येईल त्याने खाटेच्या दांडीवर दोनदा टकटक करायची. दुसऱ्याने दोनदा उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं तर नर्सला हाक मारायची. सिस्टर वैतागायच्या. "अहो, सुतारकाम चाललंय का इथे?" पण त्या टकटकीवर दोघांनी दोन महिने काढले.

बद्रीनाथची छाती दुसऱ्यांदा उघडली, त्याच रात्री गेनबा गेला. टकटक केली असेल त्याने. शेजारची खाट रिकामी होती.

बद्रीनाथ चार दिवसांनी शुद्धीवर आला. पहिला प्रश्न, "गेनबा कुठाय?" डॉक्टर म्हणाले होते, याला आत्ता धक्का नको. म्हणून शालनवहिनींनी, त्याच्या बायकोने, सांगितलं, "त्यांना घरी सोडलं." नर्सनेही तेच सांगितलं. मी भेटायला गेलो तेव्हा मीही म्हणालो, "मस्त आहे म्हातारा. टँकरवर जायचं म्हणतोय."

हे मी बोललो. लक्षात ठेवा.

तर त्या सोमवारी बद्रीनाथ घरी आला. वहिनींनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो आत बसला आणि म्हणाला, "गेनबाला फोन लाव. म्हणावं, मीपण सुटलो."

"उद्या लावू हो. आज दमलायत."

खाट आम्ही पूर्वेच्या भिंतीला लावली, कारण प्लग तिथे होता. ती आपल्या इमारतीची शेवटची भिंत. चौथा मजला. भिंतीपलीकडे कोणाचं घर नाही, गॅलरी नाही. खाली सरळ स्कूटरचं पार्किंग.

आता पुढचं मला वहिनींनी सांगितलं. पहाटे साडेपाचला, माझ्या दारात उभं राहून.

रात्री दोन चाळीसला त्यांना जाग आली. त्या खाटेजवळ सतरंजीवर झोपल्या होत्या. बद्रीनाथच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा होता. आकडा शहाण्णव. डॉक्टरांनी बजावलं होतं, नव्वदच्या खाली गेला तर थांबू नका.

टक टक.

वहिनींना वाटलं, पाइप असेल.

टक टक. भिंतीतून.

बद्रीनाथने डोळे उघडले. हसला. किती दिवसांनी हसला होता! "जागा आहे बघ म्हातारा," म्हणाला, आणि हात लांब करून भिंतीवर दोनदा वाजवलं.

आकडा त्र्याण्णव.

"कोणाला वाजवताय?"

"गेनबाला."

वहिनी उठून बसल्या.

टक टक.

त्याने पुन्हा उत्तर दिलं. नव्वद.

वहिनींनी त्याचा हात धरला. हात गार होता.

"सोड शालन. उत्तर नाही दिलं तर घाबरतो तो."

"अहो, नका..."

"आमचं ठरलंय."

टक टक.

दुसऱ्या हाताने वाजवलं त्याने. अठ्ठ्याऐंशी. ओठ काळसर पडायला लागले. तो भिंतीकडे सरकत होता. बसल्या बसल्या. चेहऱ्यावर तेच हसू.

टक टक.

वहिनी उठल्या. त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये गेल्या. भिंतीवर तळवा ठेवला. भिंत... गरम होती. डिसेंबरात.

"गेनबाभाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेलात हो."

टकटक थांबली.

"सतरा नोव्हेंबरला. रात्री. हे तेव्हा खाटेवर नव्हते. यांना ऑपरेशनला नेलं होतं. मुद्दाम गप्प राहिले नाहीत हे."

त्यांनी तळवा भिंतीवर आणखी दाबून धरला.

"यांना कोणी सांगितलं नाही. मीच नाही सांगू दिलं. मीच म्हणाले, घरी सोडलं. तुम्हाला घरी सोडलं म्हणून सगळ्यांना सांगत राहिले. चूक माझी आहे. यांना... यांना नका नेऊ."

मागे बद्रीनाथचा श्वास घरघरत होता. वळून बघायचं धाडस झालं नाही त्यांना.

मग भिंतीतून एकच आवाज आला.

टक.

दुसरा आलाच नाही. वहिनी वाट बघत उभ्या राहिल्या. तळव्याखालची भिंत हळूहळू गार पडली. मग त्या वळल्या. बद्रीनाथ उशीत तोंड खुपसून रडत होता. चिमट्यावर आकडा होता पंच्याण्णव.

काका थांबले. खाली कोणाची तरी स्कूटर चालू झाली आणि निघून गेली.

"म्हणजे बद्रीनाथकाकांनी सगळं ऐकलं?" चैताली हळूच म्हणाली.

ऐकलं. त्याच सकाळी त्याने मला विचारलं, "महिपती, टँकरवर जायचं म्हणतोय म्हणालास ना तू?" एवढंच. बरा आहे आता, रोज चालायला जातो. मला नमस्कार करतो. थांबत मात्र नाही.

त्या पहाटे वहिनींबरोबर मी त्यांच्या घरात गेलो, ते एका गोष्टीसाठी. मोठा दिवा लावल्यावर त्यांना ती दिसली होती आणि हात लावायची हिंमत होत नव्हती. हृदयाचे ठोके मशीनवर दिसावेत म्हणून छातीला गोल चिकटपट्टी लावतात बघा, मध्ये बटण असलेली. तशी एक भिंतीला चिकटलेली होती. त्यांनी तळवा ठेवला होता, बरोबर तिथे.

बद्रीनाथच्या पट्ट्या निघून दोन आठवडे झाले होते. म्हटलं, एखादी सामानातून आली असेल. मी ती नखाने सोडवली. मागचा चीक अजून ओला होता. आणि त्यात छातीवरचे चार-पाच केस अडकले होते. पांढरेशुभ्र.

बद्रीनाथची छाती दोनदा भादरली होती. तेव्हा तिच्यावर जेमतेम खुंट फुटले होते, तेही काळे.