कुलपावरची तीन बोटं

पाळण्याची कडी करकरली आणि घरातली शांतता हलली. जगदेवीनं दोरीला झोका दिला. जकातवाढीविरुद्ध सोलापूरच्या बाजारात आज हरताळ होता. डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात अख्खी पेठ पेंगत होती.

"हरताळ हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेलाय," तिचा नवरा चनमल्लप्पा शब्दकोशात डोकं घालून म्हणाला. तो शाळेत इंग्रजी शिकवायचा. "हाट म्हणजे बाजार, ताला म्हणजे कुलूप."

तेवढ्यात चादरींचे व्यापारी सिद्धलिंगप्पा दारात आले. गल्लीत काही हरवलं की लोक पोलिसांआधी जगदेवीकडेच येत.

"वैनी, मोर्च्यातनं आलो, दुकानाच्या दाराच्या फटीतनं बघितलं. थप्पीच्या वरची लाल चादर न्हाय. कुलूप तसंच हाय."

"हात लावलात?"

"न्हाय, हरताळ हाय की. दुसरी किल्ली घरात खुंटीला असते. आमचा हमाल धोंडिराम तितंच चहाला येतो. संध्याकाळी त्याला चौकीवर नेतो."

जगदेवी लेकीचं बोट धरून निघाली. मागून चनमल्लप्पा, खांद्यावर बाळ.

मुक्या पेठेत ते एक कुलूप चकाकत होतं. त्यावर राखाडी तीन रेघा.

"काल मीच पुसून तेल घातलं," सिद्धलिंगप्पा म्हणाले.

धोंडिराम पायरीवर बसला होता. "मी झाडतो फक्त. कुलूप रोज मालकांचे वडील, अज्जाच, पुजून उघडतात. सकाळी मंद्रूप गावची बाळंतीण पांघरूण मागत हिंडत होती, समदं बंद. वैनी, चौकीवर नेलं तर मला काम कोण देईल?"

धोंडिरामला घेऊन सगळे सिद्धलिंगप्पांच्या घरी गेले. त्यांचे वडील गुरुबसप्पा ओसरीवर होते, कपाळभर विभूती. "कुलूप काढायचं न्हाय, ही शपथ मीच घातली साऱ्यांना," एवढंच बोलले.

"चोरानं खुणा सोडल्याच नाहीत," चनमल्लप्पा पुटपुटला.

"सोडल्यात की. तुमच्या इंग्रजांनी शब्द नेला, कुलूप उघडायची आपली रीत इथंच राहिली." जगदेवी म्हाताऱ्यापाशी बसली. "काल पुसलेल्या कुलपावर आज विभूतीची तीन बोटं आहेत. बंद ठेवायचं कुलूप कशाला कोण पुजेल? पुजतो तो उघडणाराच. धोंडिराम झाडू धरतो, सिद्धलिंगप्पा मोर्च्यात होते. तुमचा हात सवयीनं चालला, अज्जा."

गुरुबसप्पांचे डोळे भरले. "तान्हं गारठलं होतं, बाई. चादर गुंडाळून दिली. पण शपथ माझीच. कुठल्या तोंडानं सांगू?" मग त्यांनी धोंडिरामला जवळ बोलावलं आणि त्याचे हात हातात घेतले. सिद्धलिंगप्पा खाली बघत राहिले.

परतताना लेकीनं पदर ओढला.

"आई, अज्जांनी चादर विकली न्हाई, दिली. मग हरताळ मोडला का गं?"

जगदेवीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बाळाचं टोपडं सारखं करत होता.