सहदेवच्या डब्यातलं पाणी

सहदेव हेमाच्या उंबऱ्यावर येऊन बसला त्याला बराच वेळ झाला होता. हेमाने स्टोव्हच्या वाटीत स्पिरिट ओतून काडी लावली. निळी ज्योत वाटीभर फिरली. मग पंप मारताच स्टोव्ह फुस्स करून पेटला, आणि त्या आवाजासरशी सहदेवला कंठ फुटला.

"बाय, मी पानी नाय टाकला."

कल्याणच्या खाडीपलीकडच्या दिवस भरलेल्या बायांना धर्मार्थ दवाखान्यात आणायची मोटर-होडी सहदेव चालवायचा. चार वर्षांपूर्वी पलीकडे माहेरी अडलेल्या हेमाला त्यानेच आणलं. अर्धा तास उशीर झाला असता तर, असं डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य हेमाने मनातही कधी पुरं केलं नव्हतं.

काल होडी भर खाडीत बंद पडली. आत पलीकडची मालन कळा देत होती. वल्ह्यांच्या होडीवाल्या पोपटने दोर लावून ओढत आणली म्हणून ती सुखरूप बाळंत झाली. पण दवाखान्याचे मॅनेजर विठ्ठलरावांनी टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं, तर तळाशी चार बोटं पाणी. सहदेवने पेट्रोल विकून पाणी भरलं, असं त्यांनी ठरवून टाकलं. आज पाच वाजता त्याला कामावरून काढणार होते.

"तू चहा घे," हेमा म्हणाली आणि शुभदाचं बोट धरून शेजारच्या दाराशी गेली. दारावर पाटी होती: 'सरोज टिपणीस, खाजगी तपास.' हरवलेल्या पाटल्यांपासून खोट्या मृत्युपत्रांपर्यंत गावाने सरोजताईंकडे काय काय आणलं होतं.

त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि चपला घातल्या.

धक्क्यावर पहिला प्रश्न सहदेवला. "सकाळी उठून काय काय करतोस? काही गाळू नकोस."

"पेट्रोलचा डबा इसळतो, ताई. खाडीच्या पान्यानी. आत वाळू नको. मंग उपडा करतो नि पंपावर जातो."

"कोरडा होतो?"

"थोरा राहतो वला. चार-पाच वर्सं असाच करतो. इंजिनखाली काचेची वाटी हाय, तिच्यात पळीभर पानी जमतं. ता मी सोडून देतो."

पोपट जाळं विणत बसला होता. हेमा सरोजताईंच्या कानाशी लागली, "हाच असणार. मोटर आल्यापासून याचा धंदा बसलाय."

"बसलाय ना," पोपट म्हणाला. त्याचे कान तिखट होते. "पर बाय, मना ती बंदच पारायची असती तं मी दोर कनाला लावला असता? काल सकाळपासून पलीकडं विटा भरीत व्हतो. मुकादमाला इचारा."

धक्क्यावर विटा उतरवून घेणाऱ्या मुकादमाने मान डोलावली.

पेट्रोलपंपावर नाथाने हात वर केले. "सहदेवभाऊंना मोजून दोन गॅलन दिलं. कालपासून नवा माल आहे, साखर कारखान्याचं स्पिरिट मिसळलेला. ही काय पाटी. पण मोटारी, ट्रक, सगळे तेच भरतात. एकाची तक्रार नाही."

"म्हणजे नाथानेच—" हेमाने सुरुवात केली.

"हेमा, तुला दुपारभरात दोन चोर सापडले. संध्याकाळपर्यंत मलाही धरशील," सरोजताई हसल्या. "नाथा, एक बाटली भरून दे."

पाच वाजता विठ्ठलरावांच्या टेबलावर दोन बाटल्या उभ्या राहिल्या. एक त्यांच्या पुराव्याची, दुसरी नाथाची. सहदेव दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता.

"विठ्ठलराव, तळाशी काय आहे?"

"पाणी. आंधळ्यालाही कळेल."

सरोजताईंनी नळीने तळातलं थोडं बशीत काढलं, बाटल्या लांब सरकवल्या आणि काडी लावली. बशीत निळसर ज्योत उभी राहिली. घरच्या स्टोव्हच्या वाटीत फिरते ना, तशीच. हेमाने ती लगेच ओळखली.

"पाणी कधीपासून पेटायला लागलं?" सरोजताईंनी विचारलं. मग नाथाच्या बाटलीत चमचाभर पाणी घालून ती हलवली आणि ठेवली. आतलं दुधाळ झालं, निवळलं, आणि तळाशी दोन बोटं स्वच्छ थर उभा राहिला.

"मी चमचाच घातला. बाकीचं स्पिरिट आहे. स्पिरिटाला पाणी भेटलं की ते पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. पूर्वी डब्यातला ओलावा काचेच्या वाटीत पळीभर जमायचा आणि सहदेव तो सोडून द्यायचा. आता तोच ओलावा सगळं स्पिरिट खाली ओढतो. वाटी भरून टाकीचा तळही भरतो, आणि इंजिन पेट्रोल ओढतं ते तळातूनच. मोटारवाले काही डबा विसळून आणत नाहीत. म्हणून त्यांची तक्रार नाही."

"मग पाणी घातलं कुणी?" हेमाने विचारलं.

"चोरीसाठी कुणीच नाही. याच्या स्वच्छतेने घातलं. याने पेट्रोल काढून पाणी भरलं असतं, तर बशीतलं पेटलं नसतं. सहदेव, उद्यापासून डबा कोरड्या फडक्याने पुसायचा. एवढंच."

विठ्ठलराव उठले, खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "सहदेव, बस. चुकलो मी."

सहदेव बसला नाही. त्याने टोपीत तोंड लपवलं.

बाहेर आल्यावर हेमा त्याच्या पाया पडली. तो ओशाळून मागे सरला. "आता हा काय, बाय," म्हणत भराभरा धक्क्याकडे निघून गेला.

शुभदा हे सारं बघत होती.

"आई, तू त्यांच्या पाया का पडलीस?"

"त्यांनी तुला माझ्याकडे आणून दिलं, बाळा."

शुभदाने थोडा विचार केला.

"मग आपण त्यांना काय दिलं?"